ओतुवाची बारा पोरं

एसुआनोत पोरं कुणी विकत नाही. गावात कुणालाही विचारा, कानावर हात ठेवील. आमच्याकडे पोर 'पाठवतात', 'आंटीकडे ठेवतात', 'शिकायला देतात', 'हाताखाली घालतात'. शब्दांची ददात नाही गावाला. पोराच्या हातात एक पिशवी, पिशवीत दोन चड्ड्या, आईच्या मुठीत 'खर्चाला' म्हणून चार नोटा, आणि पोर उत्तरेला, व्होल्टा सरोवराच्या बसमध्ये. याला विकणं म्हणणारा माणूस गावात भांडखोर ठरतो.

आणि ही बस सुटते कधी? तर मयताच्या दुसऱ्या दिवशी. सरोवरावर मासेमारीला गेलेली आमची माणसं एरवी वर्षवर्ष तोंड दाखवत नाहीत, पण घरचं कुणी गेलं की झाडून सगळी येतात. शनिवारी माती देतात, रविवारी चर्चमध्ये देवाचे आभार मानतात आणि दुपारी परत निघतात. येताना बसमध्ये नुसती मोठी माणसं असतात, जाताना त्यांच्या मांडीवर पोरं असतात. आई पुरायला यायचं आणि दुसऱ्याच्या आईचं पोर घेऊन जायचं, यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

या मयतांवरच अराबाचं पोट चालायचं. ती देणग्या पुकारायची. मंडपात एक टेबल मांडतात, शोकाला आलेल्यानं तिथं आपली देणगी ठेवायची आणि कर्ण्यावरून नाव पुकारून घ्यायचं, ही आमची रीत. देणगी पाच सेदींची एक नोट का असेना, नाव मात्र नीट यायला हवं. अमका, अमकीचा मुलगा, तमक्या घरचा. आई चुकली, घर चुकलं की भावकी हातघाईवर येते. अराबाचं कधी चुकत नसे. गावातल्या शेंबड्या पोरापासून काठी टेकणाऱ्या म्हातारीपर्यंत कोण कुणाच्या पोटचं, हे तिला तोंडपाठ होतं.

आवाज तिला आईकडून आला होता. आई डोक्यावर टोपली घेऊन केंके विकायची, मक्याचे आंबवून उकडलेले ते गोळे, आणि तिची हाळी तीन गल्ल्या ऐकू जायची. अराबा मात्र शाळेत या आवाजापायी मार खायची. पुढे ती क्वानसाकडे कामाला लागली. क्वानसा मंडप, खुर्च्या आणि कर्णे भाड्यानं देणारा. खुर्च्या पुसायचं काम होतं तिचं. एका शनिवारी पुकारणारा बुवा दारू पिऊन टेबलाखाली आडवा झाला. लोक देणग्या घेऊन ताटकळले, क्वानसाचं धाबं दणाणलं, आणि सतरा वर्षांच्या अराबानं हातातलं फडकं टाकून माइक उचलला. तेव्हापासून अराबा नसेल तर ते मयत कसलं, असं बायका म्हणायला लागल्या.

असा आवाज असलेली ही मुलगी, पण जिथं ओरडायला हवं होतं तिथं ती गोड बोलली. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तिची थोरली बहीण एकुआ मासे धुरी देऊन विकायची. नवरा मोठ्या होडीवर म्हणून परमुलखात गेला तो तिकडचाच झाला. पदरी दोन मुलगे, आठ वर्षांचा कोबिना आणि चार वर्षांचा योफी. ओतुवा तेव्हा अशीच कुठल्याशा मयताला आलेली. लांबची का होईना, पण आंटी. सरोवरावर तिच्या सहा होड्या. "पोराला मला दे," ती म्हणाली, "शाळेत घालते. सुट्टीत होडीवर थोडं पाणी उपसेल, बस." एकुआनं हो म्हटलं, आणि बसपर्यंत पोराला नेण्याचं काम अराबाकडे आलं.

"मावशी, मला नाही जायचं."

"वेडा रे वेडा! तिथं शाळा आहे, होडी आहे. मोठा होऊन येशील, मलाच ओळखणार नाहीस."

कोबिनानं बसच्या दाराची दांडी धरून ठेवली होती. अराबानं त्याची बोटं एकेक करून सोडवली, हातात बिस्किटांचा पुडा दिला आणि खिडकीतून हसत हात हलवला. पहिल्या वर्षी एकदा फोन आला. नंतर ओतुवा म्हणायची, बेटावर नेटवर्क नाही.

वर्षभरानं गावातलाच बादू सरोवरावरून परत आला, दुसऱ्या एका होडीवाल्याकडे दिलेला. बारा वर्षांचा असताना गेलेला, पंधराचा होऊन, चालत आणि ट्रकच्या मागे लटकत आला. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. त्यानं सांगितलं ते गावाला नवीन नव्हतं, फक्त कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. धरण बांधलं तेव्हा पाण्याखाली अख्खं जंगल गेलं. झाडं तळाशी अजून उभी आहेत आणि जाळी त्यांच्या फांद्यांत अडकतात. ती सोडवायला लहान पोर लागतं, कारण मोठा माणूस फांद्यांत शिरत नाही आणि मोठ्या माणसाला मजुरी द्यावी लागते. पहाटेपासून वल्ही मारायची, सांगितलं की बुडी मारायची. नाही म्हटलं की वल्ह्याचा दांडा पाठीत.

"आणि शाळा?" अराबानं विचारलं.

"कसली शाळा?" बादू म्हणाला.

अराबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग ओतुवाचा आला, गावाचा आला, आणि सगळ्यांत जास्त आपल्या त्या हसत हलवलेल्या हाताचा आला. तो राग मग काही विझला नाही.

मंगळवारी आमचा दर्या बंद असतो. त्या दिवशी कुणी होडी लोटत नाही. अराबा, बादू आणि आणखी चौघं तरुण पोरं-पोरी त्या दिवशी गावभर दारोदार फिरू लागली. कुणाचं कोण गेलं, कधी गेलं, कुणी नेलं, हे विचारत. एकट्या ओतुवानं नेलेली तेरा पोरं निघाली. गावानं त्यांना नाव ठेवलं, मंगळवारचे पोलीस. म्हातारे विचारायचे, "काय रे साहेब, आज कुणाला अटक?"

खऱ्या पोलिसांकडेही ती गेली. ठाण्यातला साहेब म्हणाला, "आईची तक्रार आहे?"

"आईनंच दिलंय पोर."

"मग झालं तर!"

मुलांच्या कल्याणाचं एक सरकारी कार्यालय आहे. तिथल्या बाईंनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि अंगणातली गाडी दाखवली. पेट्रोल नव्हतं. "तुम्ही भरा, मी येते," बाई म्हणाल्या. कोळ्यांचा मुखिया, त्याला सगळे नाना म्हणतात, त्याच्याकडे गेली तर त्यानं मिठाची गुळणी धरली. फार मागे लागली तेव्हा म्हणाला, "आंटीनं भाच्याला वाढवायचं ही आपली जुनी चाल आहे. तुम्ही चार बुकं शिकलात म्हणून ती मोडणार?" एकदा पोरांनी बस अडवली. होडीवाल्यांनी बादूला बडवला आणि बस पुढच्या फाट्यावर जाऊन भरली. कुंपणच शेत खातंय म्हटल्यावर तक्रार कुणाकडे करायची?

आणि या वर्षी ओतुवाची आई वारली. मयत जंगी होणार हे ठरलेलं होतं. शुक्रवारी अराबाला कळलं की एकुआ धाकट्या योफीला रविवारच्या बसनं पाठवतेय.

ती तशीच तणतणत भट्टीपाशी गेली. एकुआ जाळीवर मासे उलटत होती.

"ताई, योफीला पाठवायचं नाही."

"झालं सुरू! इथं माइक नाही हो बाई, जरा हळू."

"बादूनं काय सांगितलं ते तुला माहीत आहे."

"बादू पळून आला, म्हणून सांगतोय. पळपुटा आणखी काय सांगणार?"

"त्याची बोटं बघितलीस?"

एकुआनं चिमटा खाली आपटला. "मी सगळं बघते. हा धूर बघते, रिकामं मडकं बघते. तू पाच पोरं जमवून गावभर बोंबलत फिर, माझ्या चुलीत काय पडतं त्यानं? आणि कोबिना तिथं एकटा आहे, अराबा. तीन वर्षं एकटा! आंटी कालच म्हणाली, सारखा धाकट्याची आठवण काढतो म्हणून. भावापाशी भाऊ राहील. मला तेवढं तरी करू दे."

"ती खोटं बोलते."

"आणि तू? तूच बसवलंस ना त्याला गाडीत? तेव्हा नाही सुचलं हे शहाणपण?"

धुरानं डोळे चुरचुरताहेत असं दाखवत अराबा निघून आली. एकच गोष्ट तिनं मनाशी पक्की केली, की योफी त्या बसमध्ये चढता कामा नये. ते कसं करायचं, हे मात्र तिला शनिवार दुपारपर्यंत ठाऊक नव्हतं.

शनिवारी मंडप माणसांनी फुलला. काळी-तांबडी वस्त्रं नेसलेले पाहुणे, दोन उंच कर्णे, एक धडधडणारा जनरेटर. ओतुवा मधोमध बसली होती, गळ्यात सोनं, हातात पांढरा रुमाल. अराबा टेबलापाशी माइक घेऊन उभी. देणग्या सुरळीत चालल्या होत्या. इतक्यात ओतुवाचा एक चुलतभाऊ आला. त्यानं आपल्या सहा मुलांच्या नावानं देणगी दिली आणि सहाही नावं पुकारून घेतली. थोरला बँकेत, दुसरी नर्स, तिसरा जहाजावर. बायकांनी रुमाल हलवले. सहा नावं म्हणजे केवढा वेळ कर्णा त्याच्याच घरचं बोलत राहिला!

ओतुवाला हे कसं सोसावं? आई तिची, मयत तिचं, आणि वाहवा चुलतभावाची. तिला पोटच्या दोनच मुली. एरवी दहा गावांना विकून येईल इतकी हुशार बाई, पण मयतात नाव पुकारून घ्यायची हाव आमच्याकडे भल्याभल्यांना गाढव करते. तिनं पुतण्याला बोलावलं, कानात काहीतरी सांगितलं, आणि थोड्या वेळानं तो अराबापुढे कागद घेऊन उभा राहिला. वर लिहिलं होतं, 'सरोवरावरची ओतुवाची बारा मुलं, आजीच्या मातीसाठी.' खाली बारा नावं.

अराबानं कागद वाचला. बाराही नावं तिच्या ओळखीची होती. मंगळवारी दारोदार फिरून गोळा केलेली. तिनं कोबिनाचं नाव शोधलं. वरून खाली, खालून वर, मग कागद उलटून मागे. कोबिना नव्हता. तिनं पुतण्याला हळूच विचारलं, "सगळी लिहिलीस ना? एखादं राहिलं असेल तर आंटी माझा जीव घेईल."

"तिनं स्वतः सांगितलीत," तो म्हणाला. "आहेत तेवढी सगळी."

आहेत तेवढी. समोर तिसऱ्या रांगेत एकुआ बसली होती आणि तिच्या मांडीवर योफी, उद्याच्या प्रवासासाठी आणलेला नवा सदरा आजच घालून. हा कागद वाचला तर भर गावात, कर्ण्यावरून, बहिणीला सांगितल्यासारखं होणार होतं. नाही वाचला तर उद्या योफी बसमध्ये. अराबा घोटभर पाणी प्यायली आणि तिनं माइक तोंडाशी धरला.

"ओतुवाच्या बारा मुलांकडून!"

ओतुवा उठून नाचायलाच लागली. तिच्या बायकांनी रुमाल उडवले.

"पहिलं नाव, मेन्सा! मेन्सा कोण? जाळी विणणाऱ्या घरची अबा, तिचा मुलगा!"

दोन-चार जण हसले. पुकारणारी चुकली, असं त्यांना वाटलं.

"दुसरं आणि तिसरं, पान्यिन आणि काक्रा, जुळे! विहिरीपलीकडच्या अमोआचे! चौथा, अन्नान! मिठाच्या खाचराजवळच्या म्हाताऱ्या अडोमाचा नातू!"

आता कुणी हसलं नाही. अबा आपल्या जागेवर उभी राहिली होती. अमोआही उठली. रीतच तशी आहे, नाव पुकारलं की घरच्यानं उठून उभं राहायचं. ओतुवाचा रुमाल हवेतच थांबला.

"ए, बंद कर!" ती ओरडली. "क्वानसा, बंद कर ते यंत्र!"

क्वानसा जनरेटरकडे धावला. तिथं बादू आणि ती चार पोरं कडं करून उभी होती.

"आधी मला बंद करा काका, मग यंत्र," बादू म्हणाला.

अराबा वाचत राहिली. पाच, सहा, सात. प्रत्येक नावाला आईचं नाव, घराचं नाव. मंडपात एकेक बाई उभी राहत होती, कुणी पदर तोंडात धरून, कुणी ओतुवाकडे रोखून बघत. आणि प्रत्येक नावाआधी एकुआची मान वर व्हायची, पुढचं आपलं असेल म्हणून. आठ झाली, नऊ झाली. अकरावं नाव वाचताना अराबानं तिच्याकडे बघायचं सोडून दिलं.

"बारावं, तविया, लोहार गल्लीतल्या एफुआची मुलगी."

आणि अराबा थांबली.

"पुढचं वाच," एकुआ जागेवरून म्हणाली.

"ताई—"

"वाच ना! कोबिनाचं वाच!"

"कागद संपला, ताई." हे शब्दसुद्धा कर्ण्यावरून गेले.

एकुआनं योफीला शेजारणीच्या मांडीवर दिलं आणि सरळ ओतुवापुढे जाऊन उभी राहिली. "आंटी, माझा राहिला."

"अगं, लिहिताना राहिला असेल. पुतण्या माझा मेला अर्धवट—"

"कुठे आहे तो?"

"एकुआ, आज माझ्या आईची माती आहे."

"माझा कोबिना कुठे आहे?"

ओतुवानं इकडेतिकडे पाहिलं. अकरा घरच्या बायका उभ्या होत्या, आता त्या बसणार नव्हत्या. "गेल्या वर्षी," ती पुटपुटली. "वाऱ्याच्या दिवसांत. जाळं अडकलं होतं. आम्ही सगळं रीतसर केलं, बाई. नीट पुरलं. तुला दुःख नको म्हणून—"

"आणि परवा मला म्हणालीस, धाकट्याची आठवण काढतो!"

मेलेल्या पोराच्या तोंडात शब्द घालून त्याच्या भावाला न्यायला आलेली बाई! अराबाचे हात मोकळे असते तर तिनं ओतुवाच्या झिंज्या धरल्या असत्या. तिच्या हातात माइक होता.

"एक नाव यादीत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज तेवढा एकदाच फाटला. "कोबिना. धुराच्या भट्टीजवळच्या एकुआचा मुलगा. वय दहा. सरोवरात जाळं सोडवताना बुडाला. गावाला आज कळतंय. त्याला गाडीत मी बसवलं होतं. मी, अराबा, त्याची मावशी. तुमच्यातल्या ज्यानं ज्यानं कुणाला बसवलं असेल, त्यानं उभं राहावं."

कुणी उभं राहिलं नाही. पण खाली बघणाऱ्या माना मोजायच्या म्हटल्या तर अर्धा मंडप भरला असता. शेवटी नाना काठी टेकत उठला. "मयताच्या घरी तमाशा नको. उद्या चार वडीलधारी बसून घरातल्या घरात मिटवू."

एकुआ त्याच्याकडे वळली. "नाना, पोरं जात होती तेव्हा तुम्ही गप्प होता. आताही तेच करा."

रविवारी बस सुटली, पण पोरांशिवाय. सकाळपासूनच बारा घरच्या बायका तिच्यात जाऊन बसल्या. ड्रायव्हर म्हणाला, मालकिणीला विचारल्याशिवाय निघणार नाही. म्हणून मालकिणीला, म्हणजे ओतुवालाच आणून त्याच्या शेजारी बसवलं, वाट दाखवायला. पोलीसही हजर झाले, बायकांनी बेकायदा गर्दी केली म्हणून. त्या दिवशी त्यांच्या जीपमध्ये पेट्रोल होतं. अराबानं साहेबाला सांगितलं, "तुम्हाला आईची तक्रार हवी होती ना? बारा आणल्यात. मागोमाग या." जीप मागोमाग आली, कारण रस्त्यात सगळं गाव उभं होतं आणि निम्म्या लोकांच्या हातात फोन होते. एकुआ खिडकीपाशी बसली. योफीला तिनं अराबाकडे दिलं नाही, बादूच्या आईकडे ठेवलं. अराबा शेजारी बसायला गेली तर तिनं पिशवी त्या जागेवर ठेवली. अराबा मागे जाऊन उभी राहिली, सगळा रस्ता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बस काठावर सोडून होडीनं, त्या बेटावर पोचल्या. ओतुवाचा होडीवाला वाळूवर जाळं पसरत होता. एवढ्या बायका आणि पोलीस बघून तो पळायच्या बेतात होता, पण पळणार कुठे, चारी बाजूंनी पाणी. एकुआनं त्याला विचारलं, "माझ्या मुलाला कुठे पुरलंय?"

त्यानं ओतुवाकडे बघितलं. ओतुवानं मान फिरवली. मग त्यानं हनुवटीनं पाण्याकडे दाखवलं. हात करून एखादी जागा दाखवावी तसं नव्हे, नुसतं पाणी.

एकुआ रडली नाही. तिनं पुन्हा विचारलं, "बाकीची पोरं?"

"पाण्यावर आहेत. दिवस कलला की येतील."

"मग आम्ही बसतो."

अकरा घरच्या बायका आणि एकुआ वाळूत बसल्या. अराबा जरा अंतर ठेवून बसली. ऊन तिरपं झालं तेव्हा लांबवर होड्या दिसायला लागल्या. पहिल्या होडीत तीन पोरं होती. विहिरीपलीकडची अमोआ पाण्यात धावली आणि आपल्या जुळ्यांना हाका मारायला लागली. पान्यिन वल्हं टाकून उडी मारून आला. काक्रा होडीतच बसून राहिला, आणि त्यानं भावाला विचारलं, ही बाई कोण.